१,२३,४५,६७९ : एका मोठ्या संख्येची कुंडली मांडताना

समोरच्याला एक ते नऊ यांपैकी आवडता अंक विचारायचा, मनातल्या मनात त्याची नऊपट करायची आणि १२३४५६७९ ला त्या संख्येने गुणायला सांगायचे, हा खेळ अनेकांनी शाळेत खेळलेला असतो. आवडता अंक सात असेल तर ६३ने गुणावे लागते आणि उत्तर ७७७७७७७७७ येते. वर्गात टाळ्या पडतात, तास संपतो आणि संख्या फळ्यावरच राहून जाते. काही वर्षांपूर्वी तिचे मूळ अवयव पाडावेत असे माझ्या मनात आले, तेव्हा लक्षात आले की आठ अंकी संख्या समोर ठेवल्यावर सुरुवात कुठून करायची, हेच मला ठाऊक नव्हते. मूळ, संयुक्त, विपुल, न्यून, हर्षद, स्वयंभू अशा नावांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. पण कोणती तपासणी आधी करायची आणि कोणती नंतर, हे त्या याद्या सांगत नाहीत. मी नेमका उलट्या क्रमाने गेलो आणि एकच भागाकार तीन-तीनदा करत बसलो. तुमच्या तेवढ्या संध्याकाळी वाचाव्यात म्हणून हा लेख लिहिला आहे.

उदाहरण म्हणून शेवटपर्यंत हीच एक संख्या घेतली आहे. पायऱ्या मात्र सात-आठ-नऊ अंकी कोणत्याही संख्येला लागू पडतात, आणि एखादी युक्ती केवळ याच संख्येपुरती असेल तर तसे तिथे सांगितले आहे.

लागणारे साहित्य

चौकटींची वही, पेन्सिल, साधा गणकयंत्र (निदान दहा अंक दाखवणारा असल्यास उत्तम) आणि ६०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी एवढे पुरते. यादी इंटरनेटवरून उतरवून घेण्यापेक्षा एराटोस्थेनिसच्या चाळणीने (२, ३, ५ अशा प्रत्येक मूळ संख्येच्या पुढच्या पटी खोडत जाण्याच्या रीतीने) स्वतः करावी. अर्ध्या तासाचे काम आहे आणि नंतर ती यादी हाताखालची होते. ताळा पाहण्यासाठी संगणक हवा, पण तो शेवटच्या पायरीत. सुरुवातीलाच संगणकाला विचारले तर उत्तर मिळते, ते तसे का आले हे कळत नाही.

पायरी १ : संख्या नीट उतरवून घ्या

ही पायरी हास्यास्पद वाटेल, पण सर्वाधिक घोटाळे इथेच होतात. १२३४५६७९ मध्ये आठ नाही. सवयीने हात १२३४५६७८९ लिहून जातो, आणि ती पूर्णपणे वेगळी संख्या आहे: तिचे मूळ अवयव ३×३×३६०७×३८०३ असे पडतात आणि पुढे येणाऱ्या गोष्टींपैकी जवळजवळ एकही तिला लागू पडत नाही. म्हणून अंक मोजा (आठ), अंकांची बेरीज करा (१+२+३+४+५+६+७+९ = ३७) आणि ती बेरीज पानाच्या डोक्यावर लिहून ठेवा. तिचे काम पुढे चारदा पडणार आहे.

आठ नेमका गेला कुठे, हे इथेच सांगून टाकतो. १ला ८१ने भागले की ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा आवर्ती दशांश अपूर्णांक मिळतो. खरे पाहता तिथे ०, १, २, ३ करत ८, ९, १०, ११ असे क्रमाने येणे अपेक्षित असते. पण दहाला एका घरात जागा मिळत नाही, त्यातला हातचा एक डावीकडच्या नवात जातो, नवाचे दहा होतात, तिथे शून्य उरून पुन्हा हातचा एक पुढे सरकतो आणि आठाचा नऊ होतो. म्हणजे जो नऊ आपल्याला दिसतो, तो वस्तुतः हातचा मिळालेला आठच आहे. ८१×१२३४५६७९ = ९९९९९९९९९ हे नाते लक्षात ठेवा; चौथी पायरी त्याच्याच आधारावर उभी आहे.

पायरी २ : बाकींचे पान तयार करा

नवखा माणूस विभाज्यतेच्या कसोट्या लावतो, भाग जात नाही असे दिसले की पुढे सरकतो आणि बाकी विसरून जातो. तसे करू नका. भाग गेला नाही तरी बाकी किती उरली, हे वहीच्या एका पानावर मांडून ठेवा. पुढच्या निम्म्या तपासण्या याच पानावरून एका ओळीत सुटतात.

शेवटचा अंक ९ असल्यामुळे २ची बाकी १ आणि ५ची बाकी ४. शेवटचे दोन अंक ७९, म्हणून ४ची बाकी ३. शेवटचे तीन अंक ६७९, म्हणून ८ची बाकी ७. अंकांची बेरीज ३७, म्हणून ३ची बाकी १ आणि ९चीही बाकी १.

७, ११ आणि १३ या तिघांसाठी एकच कसोटी पुरते, कारण ७×११×१३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १२, ३४५, ६७९. उजवीकडच्या गटापासून सुरुवात करून आळीपाळीने अधिक आणि वजा करा: ६७९−३४५+१२ = ३४६. आता ३४६ ला या तिन्हींनी भागायचे: ७ची बाकी ३, ११ची बाकी ५, १३ची बाकी ८.

तेच गट वजा न करता नुसते मिळवले तर २७ आणि ३७ची कसोटी होते, कारण ९९९ = २७×३७. इथे १२+३४५+६७९ = १०३६, आणि १०३६चे पुन्हा गट पाडून १+३६ = ३७. बाकी शून्य! म्हणजे १२३४५६७९ ला ३७ने निःशेष भाग जातो.

सावधान: आपण ही संख्या १,२३,४५,६७९ अशी लिहितो. आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन घरांवर पडतात, तर ही कसोटी तीन-तीन घरांचे गट मागते. मी पहिल्यांदा स्वल्पविरामांनाच गट मानले, १+२३+४५+६७९ = ७४८ काढले, त्याला ३७ने भागून बाकी ८ आली म्हणून ३७ वर काट मारली आणि पुढे ४१, ४३, ४७ करत दोन संध्याकाळी भलत्याच रानात फिरलो. कसोटी लावण्यापूर्वी संख्या स्वल्पविरामांशिवाय पुन्हा लिहून घ्यावी, हा त्यावरचा साधा उपाय.

१७, १९, २३, २९ आणि ३१ यांना सोप्या कसोट्या नाहीत. तिथे सरळ भागाकार करावा. बाक्या अनुक्रमे ७, ११, १५, २ आणि २२ येतात.

पायरी ३ : सापडलेला अवयव बाहेर काढा

१२३४५६७९ ÷ ३७ = ३३३६६७. हा भागाकार हातानेच करा, कारण त्यात एक गंमत दडलेली आहे: १२३ मध्ये ३७ तीनदा जातो आणि १२ उरतात, खाली ४ उतरतो, १२४ मध्ये पुन्हा तीनदा आणि १३ उरतात, १३५ मध्ये पुन्हा तीनदा आणि २४ उरतात, मग २४६ आणि २४७ मध्ये सहा-सहा वेळा आणि शेवटी २५९ मध्ये बरोबर सात वेळा. अवयव सापडला की ताळा ताबडतोब पाहावा, पुढच्या पायरीवर ढकलू नये. इथे ताळाही सुरेख जमतो, कारण ३३३६६७×३ = १००१००१, म्हणून ३० पट १००१००१० होते, त्यात सातपट म्हणजे २३३५६६९ मिळवले की १२३४५६७९ पुरे.

आता प्रश्न ३३३६६७चा उरतो.

पायरी ४ : उरलेली संख्या मूळ आहे का?

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. एखाद्या संख्येला १ आणि स्वतः सोडून विभाजक असेल तर त्यांतला सर्वांत लहान विभाजक तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. ५७७चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८चा वर्ग ३३४०८४, म्हणजे ३३३६६७चे वर्गमूळ या दोहोंच्या मध्ये आहे आणि ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम संपते. अशा मूळ संख्या १०६ आहेत. एकशे सहा भागाकार करणे अशक्य नाही. मी साठेक केलेही होते. पण संख्येचा स्वभाव ओळखला तर हे काम फार आटोपशीर होते.

आपल्याला माहीत आहे की ३३३६६७×३ = १००१००१, आणि १००१००१×९९९ = ९९९९९९९९९. म्हणजे ३३३६६७ने नऊ नवांच्या संख्येला भाग जातो. समजा ३३३६६७चा एखादा मूळ विभाजक ‘म’ आहे. मग ‘म’नेही ९९९९९९९९९ ला भाग जाईल, आणि याचा अर्थ असा की १ला ‘म’ने भागल्यावर येणाऱ्या दशांश अपूर्णांकात नऊ-नऊ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येईल. आवर्तनाची खरी, म्हणजे सर्वांत लहान, लांबी मग ९ला भागणारीच असणार: १, ३ किंवा ९. लांबी १ किंवा ३ असेल तर ‘म’ने ९९९ ला भाग गेला पाहिजे; ९९९ = ३×३×३×३७ असल्यामुळे ‘म’ ३ किंवा ३७ असला पाहिजे. पण ३३३६६७च्या अंकांची बेरीज २८ आहे, म्हणून ३ बाद; आणि ३७×९०१८ = ३३३६६६, म्हणून ३७ देखील केवळ एकाने बाद. तेव्हा लांबी ९च.

मूळ संख्येच्या बाबतीत आवर्तनाची लांबी नेहमी त्या संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला भागते. हा फर्माच्या छोट्या प्रमेयाचा परिणाम आहे. म्हणजे ‘म’ वजा १ हा ९च्या पटीत हवा, आणि ‘म’ विषम असल्यामुळे तो १८च्या पटीत हवा. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. ३७ आधीच बाद झाला आहे, म्हणून भागाकार सोळा.

बाक्या त्याच क्रमाने अशा येतात: १९ला ८, ७३ला ५७, १०९ला १८, १२७ला ३८, १६३ला ६, १८१ला ८४, १९९ला १४३, २७१ला ६६, ३०७ला २६५, ३७९ला १४७, ३९७ला १८७, ४३३ला २५७, ४८७ला ७२, ५२३ला ५१६, ५४१ला ४११ आणि ५७७ला १६१. एकही शून्य नाही. ५२३पाशी मात्र जपा: ५२३×६३८ = ३३३६७४, म्हणजे भाग केवळ सातांनी हुकतो, आणि घाईत असाल तर ‘गेला’ असे वाटून जाते. १६३पाशी असाच सहांचा फरक आहे.

तेव्हा ३३३६६७ मूळ संख्या आहे आणि १२३४५६७९ = ३७×३३३६६७ ही फोड पूर्ण झाली. या युक्तिवादातून आणखी एक सुंदर गोष्ट हाती लागते: तीन अंकी आवर्तन देणारी मूळ संख्या एकच आहे, ती ३७, आणि नऊ अंकी आवर्तन देणारी मूळ संख्याही एकच आहे, ती ३३३६६७. आपली संख्या या दोन एकुलत्या एक संख्यांचा गुणाकार आहे. १८च्या पटीची सवलत मात्र सर्वांना मिळत नाही, याची जाणीव ठेवा. नवांच्या रांगेला भागणाऱ्या संख्यांनाच अशा सवलती असतात. इतर संख्यांसाठी यादीतली एकेक मूळ संख्या घेऊन मुकाट्याने भागत जावे लागते.

पायरी ५ : फोडीवरून जे मिळते ते उचला

फोड हाती असताना पुढचे काम जवळपास तोंडी होते. विभाजक चार: १, ३७, ३३३६६७ आणि स्वतः. त्यांची बेरीज (१+३७)×(१+३३३६६७) = ३८×३३३६६८ = १,२६,७९,३८४. यातून संख्या स्वतः वजा केली तर ३,३३,७०५ उरतात. ही बेरीज संख्येइतकी असती तर संख्या परिपूर्ण म्हटली असती, जास्त असती तर विपुल. ती फार कमी आहे, म्हणून न्यून. दोन वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराचे हे होणारच: ६ हा अपवाद सोडला (तो परिपूर्ण आहे) तर अशी प्रत्येक संख्या न्यून असते. आठ अंकी परिपूर्ण संख्या हवीच असेल तर ती एकच आहे, ३,३५,५०,३३६.

कोणताही मूळ अवयव दोनदा आलेला नाही, म्हणून संख्या वर्गमुक्त आहे. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या) संख्यांची गणती, म्हणजे ऑयलरचे फाय, ३६×३३३६६६ = १,२०,११,९७६ इतकी येते.

पायरी ६ : वर्ग, वर्गांच्या बेरजा आणि त्रिकोणी संख्या

ही पूर्ण वर्गसंख्या आहे का, असा प्रश्न विचारला तर शाळेतल्या दोन्ही खुणा फसवतात. वर्गसंख्येच्या एकक स्थानी ९ चालतो, आणि वर्गसंख्येला ९ने भागल्यावर बाकी १ही चालते. दोन्ही कसोट्या पार झाल्या म्हणून आनंदून जाऊ नका. बाकींच्या पानावर ४ची बाकी ३ आहे, आणि वर्गसंख्येला ४ने भागल्यावर बाकी ० किंवा १ याखेरीज काही उरतच नाही. विषय संपला. याच बाकीमुळे ही संख्या दोन वर्गांची बेरीजही होऊ शकत नाही.

८ची बाकी ७ आहे, हे त्याहून बोलके आहे. आठाच्या पटीत सात मिळवून होणारी संख्या तीन वर्गांत मांडता येत नाही. तीन वर्गांविषयीचा पूर्ण नियम लेजांद्र यांनी सिद्ध केला. चार वर्ग मात्र कोणत्याही संख्येला पुरतात, हे लाग्रांज यांनी १७७०मध्ये सिद्ध केले होते. म्हणजे आपल्या संख्येला चारही वर्ग लागणारच. ते शोधायचे कसे? सर्वांत मोठा वर्ग आधी काढा: ३५१३चा वर्ग १,२३,४१,१६९, उरले ४५१०. आता ४५१० तीन वर्गांत बसवायचे. ६७चा वर्ग ४४८९ काढला तर २१ उरतात, आणि २१ दोन वर्गांत बसत नाहीत; ६६, ६५ आणि ६४ घेऊनही जमत नाही; ६३ घेतला की ३९६९ जाऊन ५४१ उरतात, आणि ५४१ = ४४१+१००. तेव्हा ३५१३, ६३, २१ आणि १० यांच्या वर्गांची बेरीज बरोबर १,२३,४५,६७९ आहे.

१ पासून क्रमाने काही संख्या मिळवल्या (१+२+३+…) की येणारी बेरीज म्हणजे त्रिकोणी संख्या. तिची कसोटी अशी: संख्येची आठपट करून एक मिळवावा, उत्तर पूर्ण वर्ग आले तर संख्या त्रिकोणी. आठपट ९८७६५४३२ येते (इथे क्षणभर थांबलात तरी चालेल), एक मिळवून ९८७६५४३३. आणि एकक स्थानी ३ असलेली वर्गसंख्या नसते. त्रिकोणी नाही.

पायरी ७ : अंकांवरून ठरणारे प्रकार

इथपर्यंतचे गुणधर्म संख्येचे स्वतःचे होते. ती रोमन अंकांत लिहा किंवा द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत, ते बदलत नाहीत. यापुढचे गुणधर्म दशमान पद्धतीतल्या लिखाणाचे आहेत. दोन्हींची सरमिसळ झाली की नवखा वाचक गोंधळतो, म्हणून वहीत दोन वेगळी पाने करावीत.

या दुसऱ्या पानावर मराठी माणसाचे नाव ठळक आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५मध्ये डहाणूला झाला; १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते, आणि त्या नोकरीतच त्यांनी अंकांच्या गुणधर्मांवर आयुष्यभर काम केले. ६१७४ या स्थिरांकामुळे (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की शेवटी हाच येतो; चारही अंक सारखे मात्र नसावेत) त्यांचे नाव जगभर गेले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले.

हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, आणि ३७ हा तिचा अवयव आहेच. म्हणजे हर्षद आहे. शिवाय भागाकार ३३३६६७ हा मूळ आहे. अशा हर्षद संख्यांना मोरान संख्या म्हणतात. इंग्रजी लेखनात हर्षदला निव्हन संख्या असेही म्हणतात, तेव्हा ती वेगळी जात समजून दोनदा नोंदवू नका. लिखाणाची पद्धत बदलली की हे पद जाते, हेही पाहून घ्या: द्विमान पद्धतीत ही संख्या १०११११०००११००००१०१००११११ अशी चोवीस घरांत लिहिली जाते, तीत तेरा एक आहेत, आणि १३ची बाकी आपल्या पानावर ८ आहे. द्विमान पद्धतीत ती हर्षद नाही.

आनंदी. ही हर्षदची बहीण नव्हे. नावातल्या साम्यामुळे फसू नका. इथे अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा करायची आणि शेवटी १ आला तर संख्या आनंदी. १२३४५६७९ वरून २२१, मग ९, ८१, ६५, ६१, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६ आणि पुन्हा ३७. चक्र सुरू झाले, १ कधीच येणार नाही. संख्या हर्ष देते, पण स्वतः आनंदी नाही.

स्मिथ. संख्येच्या अंकांची बेरीज आणि तिच्या मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज सारखी आली तर ती संयुक्त संख्या स्मिथ संख्या; उदाहरणार्थ २२ = २×११, दोन्हीकडे ४. आपल्याकडे एका बाजूला ३७, आणि दुसऱ्या बाजूला ३+७ म्हणजे १० अधिक ३+३+३+६+६+७ म्हणजे २८, मिळून ३८. एकाने हुकली.

कापरेकर संख्या. संख्येचा वर्ग करायचा, उजवीकडून संख्येत जितके अंक आहेत तितके अंक तोडायचे आणि दोन तुकड्यांची बेरीज मूळ संख्येइतकी येते का ते पाहायचे. ४५चा वर्ग २०२५, आणि २०+२५ = ४५. आपल्या संख्येचा वर्ग १५२४१५७८९९७१०४१ येतो. तुकडे १५२४१५७ आणि ८९९७१०४१, बेरीज ९१४९५१९८. नाही. पण एवढा मोठा वर्ग करायची गरजच नव्हती. आठ घरांवर तोडलेले तुकडे मिळवताना डाव्या तुकड्याच्या ९९९९९९९९ पटीइतका फरक पडतो, आणि ९९९९९९९९ ला ११ने भाग जातो. म्हणजे वर्ग आणि संख्या यांची ११ची बाकी सारखी असली पाहिजे. आपली बाकी ५, तिचा वर्ग २५, त्याची बाकी ३. सारखी नाही, म्हणून बाद. सम अंकी कोणत्याही संख्येला ही चाळणी आधी लावा. जिची ११ची बाकी ० किंवा १ नाही, ती कापरेकर संख्या असूच शकत नाही.

स्वयंभू. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. पहिली ही दुसरीची जनक. जिला असा जनकच नाही तिला कापरेकर स्वयंभू म्हणतात. १२३४५६७९ला जनक आहे का? आठ अंकांची बेरीज जास्तीत जास्त ७२, म्हणून वरवर पाहता मागच्या बहात्तर संख्या तपासाव्या लागतील. इथे ९ची बाकी कामाला येते. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ची बाकी एकच असते, म्हणून जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळवताना तीच बाकी दोनदा मोजली जाते. दुप्पट करून १ बाकी देणारी बाकी ५च, कारण दहातून नऊ गेले की एक. तेव्हा जनकाच्या अंकांची बेरीज ५, १४, २३, ३२, ४१, ५०, ५९ किंवा ६८ यांपैकीच असणार. आठच उमेदवार. १२३४५६७४च्या अंकांची बेरीज ३२, हवी होती ५. १२३४५६६५ची ३२, हवी होती १४. १२३४५६५६ची ३२, हवी होती २३. आणि १२३४५६४७ची ३२, हवी होती ३२. सापडला! १२३४५६४७+३२ = १२३४५६७९. उरलेल्या चौघांत दुसरा जनक नाही, हे वाचकाने स्वतः पाहावे. आपली संख्या स्वयंभू नाही, पण तिला एकच जनक आहे.

पायरी ८ : ताळा आणि नोंद

आता संगणक उघडा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये फॅक्टर ही आज्ञा देऊन पुढे संख्या लिहिली की मूळ अवयव मिळतात. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा असला तरी अंक गळत नाहीत. स्प्रेडशीटवर मात्र विसंबू नका, कारण ती पंधरा अंकांपलीकडचे अंक शून्य करून टाकते. १११११११११चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ आहे. एक्सेलमध्ये तो १२३४५६७८९८७६५४३०० असा दिसतो आणि चूक झाल्याची कोणतीही सूचना मिळत नाही. आठ अंकी गणकयंत्रावर आपल्या संख्येची नऊपट देखील मावत नाही.

एखाद्या प्रकारच्या संख्येची व्याख्या नक्की काय, असा वाद पडला तर नील स्लोन यांनी सुरू केलेल्या ‘ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस’मध्ये पाहावे. हर्षद संख्यांचा क्रमांक तिथे ए००५३४९, स्वयंभू संख्यांचा ए००३०५२ आणि कापरेकर संख्यांचा ए००६८८६ आहे. एक अंकी संख्या धरायच्या की नाहीत, १ला कोणत्या गटात ठेवायचे, असे बारीक प्रश्न तिथल्या टिपांवरून सुटतात.

सरावासाठी याच संख्येची आठपट घ्या, ९८७६५४३२. फोड पायरी ३ वरून तयारच आहे: २×२×२×३७×३३३६६७, विभाजक सोळा. तिच्या अंकांची बेरीज ४४ आहे, म्हणजे हर्षद ठरायची तर ११ने भाग गेला पाहिजे. भागाकार करू नका. बाकींच्या पानावरची ११ची बाकी पाहा, तिची आठपट करा आणि उत्तर लिहा.